माझा काळा दात

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माफ करणं मला जमत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही मला प्रेमळ म्हातारा समजायला नको.

पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी कारखान्यात माझे बारीक बारीक स्क्रू आवळले. तिथून मी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ऑर्विल ह्रुस्का नावाच्या सुताराकडे आलो. त्याला मालगाड्यांचं वेड होतं. रोज सकाळी सूर्य पाठीशी घेऊन तो धान्याच्या कोठारामागे उभा राही. मी गळ्यात, खिशात वही, थर्मासमध्ये कॉफी आणि कागदात कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव. कोळशाची गाडी गेली की रुळाशेजारचं तपासणी यंत्र रेडिओवर बोले, 'दोष नाही, चाकांचे आस चारशे बावन्न.' ऑर्विल तेवढंही वहीत टिपून घेई. असं सुख मी दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याच्या नशिबी पाहिलेलं नाही.

आता डेल्बर्ट क्नीपबद्दल. तोही आमच्या रेल्वेछायाचित्र मंडळातला. एका दुपारी ऑर्विल माझी पाठ उघडून फिल्म बदलत होता, तर यानं मला हिसकावलंच.

"दे इकडे! तुझं होईपर्यंत तीन गाड्या निघून जातील."

आणि मी धाडकन खडीवर पडलो. त्यानं माझ्यावर फुंकर मारली आणि मला परत दिलं. "काही झालेलं नाही रे. लोखंडाचा तर आहे."

झालं होतं. फिल्म जिथे बसते त्या खिडकीची कड आत वाकली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक काळा दात उमटू लागला. भिंतीवर पाडायच्या स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली तो झाकला जाई. ऑर्विल आणि त्याची मुलगी लॉर्ना स्वयंपाकघराच्या टेबलावर स्लाइडी चौकटीत बसवत, म्हणून त्या दोघांनाच तो ठाऊक. "बाबा, तुमच्या कॅमेऱ्याला दात आला," असं ती चिडवायची. ते दोघं हसत. मला हसू येत नसे.

ऑर्विलचा धाकटा भाऊ एमिल कोळशाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. निवृत्तीच्या दिवशी, शेवटच्या फेरीला, त्यानं आमच्यासमोर लांबलचक भोंगा दिला आणि टोपी काढून खिडकीबाहेर झुकला. मी एकदाच डोळा मिटला. त्याच हिवाळ्यात एमिल गेला. ऑर्विलकडे भावाचं हसू उरलं ते तेवढंच, माझ्या एका चित्रात.

पुढे ऑर्विलला अर्धांगाचा झटका आला. जीभ जड झाली. मी दोन वर्षं कपाटात धूळ खात पडलो. तेव्हा डेल्बर्ट घरी आला, "मी सगळं नीट लावून देतो," म्हणाला आणि स्लाइडींची पेटी घेऊन गेला.

मग तो शनिवार आला. चर्चच्या तळघरात पडदे ओढून मंडळाचा वार्षिक कार्यक्रम चालला होता. लॉर्ना वडिलांना घेऊन आली होती. मीही होतो, कारण मला पिशवीत घेतल्याशिवाय ऑर्विल घराबाहेर पडेना. डेल्बर्टनं प्रोजेक्टरचं बटण दाबलं आणि भिंतीवर एमिल हसला.

"हे माझं आवडतं," डेल्बर्ट म्हणाला. "त्या दिवशी मी अगदी वेळेवर पोचलो होतो."

ऑर्विल धडपडत उठला. "मा... माझं आहे ते. माझा एमिल."

"ऑर्विल, गड्या, बस खाली. तू आजारी होतास. डोक्यात सरमिसळ झालीय तुझ्या."

सगळ्यांनी ऑर्विलकडे कीव करत पाहिलं. मित्रांनो, चोरी मी एक वेळ गिळली असती. ती कीव मला गिळवेना.

लॉर्ना उठली. तिनं दिवा लावला. "मिस्टर क्नीप, त्या स्लाइडची चौकट उघडा."

"कशाला? खराब होईल."

"उघडा."

खिशातल्या चाकूनं त्याला ती उघडावी लागली. लॉर्नानं फिल्म भिंगाखाली धरली. खालच्या डाव्या कोपऱ्यात माझा दात! मग तिनं माझी पाठ उघडून मला टेबलावर ठेवलं. लोक रांग लावून एकदा फिल्म, एकदा मला पाहू लागले.

"असा डाग कुठल्याही कॅमेऱ्याचा पडतो," डेल्बर्ट पुटपुटला.

"मग तुमचा आणा," लॉर्ना म्हणाली. "आम्ही थांबतो."

तो पेटीचं झाकण लावू लागला. तेव्हा ऑर्विलनं पेटीकडे बोट केलं. "स... सगळ्या."

एकेक करून डेल्बर्टनं स्वतःचं नाव चढवलेल्या चौकटी स्वतःच्या हातानं फोडल्या. बेचाळीस दात निघाले. ऑर्विलनं त्याच्यासमोर नव्या चौकटी आणि पेन्सिल सरकवली. डेल्बर्टनं बेचाळीस वेळा 'ह्रुस्का' लिहिलं. मी समोरच होतो, उघड्या पाठीनं. असं चित्र मला आयुष्यात टिपायचं होतं, पण पोटात फिल्म नव्हती.

घरी परतताना लॉर्नानं विचारलं, "बाबा, दुरुस्त करून घ्यायचा का? दात घासून काढतील."

ऑर्विलनं माझ्यावर हात ठेवला. "रा... राहू दे. चावतो तो."

म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्यांना दोन्ही हातांनी धरा. तरी पडलोच, तर आधी उचला आणि मग माफी मागा. डेल्बर्टनं अजून मागितलेली नाही.