मान खाली

फोमचा तो पांढरा तुकडा आता निरुपमबाबूंच्या मांडीवर होता आणि ते त्याच्यावरून हात फिरवत होते, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा, जपून. दोन वर्षं पोहताना तो सुप्रभाच्या मांड्यांमध्ये असायचा. त्याच्या जिवावर पाय तरंगत, आणि काढला की कंबर अशी खाली जाई, जणू कुणी घोट्याला धरून ओढतंय... आज पोहायला शिकवणाऱ्या ननीदांनी तो घेतला आणि घाटावर बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या हाती दिला. "दादा, सांभाळा हं. बौदींनी मागितला तरी द्यायचा नाही!" निरुपमबाबू हसले होते. ही बौदी, ही वहिनी कोण, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

तळ्याच्या मध्यावरच्या बांबूला धरून ती दम घेत होती. डॉक्टरांनी तिच्या पाठीसाठी सांगितलेलं हे पोहणं. पाठ गेली तर नवऱ्याला उठवणार कोण, न्हाऊ कोण घालणार? त्यांच्यासाठी धरलेला मंगळचंडीचा उपास आणि हे, दोन्ही ती चुकवत नव्हती.

"नुसते पाय झाडून काय होणार?" ननीदा पायरीवरून ओरडले. "डोकं वर की कंबर खाली, तराजूच तो! मान सोडा, छाती पाण्यावर टेका, तळाकडे बघा. समोर काय रसगुल्ले वाटतायत?"

"समोर ते बसलेत," ती म्हणाली.

"मग मी काय इथे माश्या मारतोय?"

होते ननीदा... पण गेल्या पौषात घरात लक्ष ठेवायला दीर होते, जाऊ होती, तरी हे निघून गेलेले, माणिकतल्याच्या मासळीबाजारात बर्फाच्या लादीपाशी उभे, कधीच वारलेल्या आईला शोधत. तेव्हापासून तिची मान वरच — रांधताना, जप करताना. देवघरात ठाकुरापुढे डोळे मिटायचे तर आधी दाराला कडी. मग पाण्यात ती खाली कशी जावी?

तिनं बांबू सोडला. मान सोडली. हिरवा काळोख... छातीखाली पाणी उशीसारखं दबलं आणि मागून कंबर, मग टाचा, कुणी न उचलता वर आल्या. एक हात, दुसरा हात... श्वासाला ती कुशीवर वळली तेव्हा नुसतं आभाळ दिसलं, आणि तेवढं पुरलं. घाट नव्हता. ते नव्हते. तीही कुणाची कुणी नव्हती...

बोटांना शेवाळलेली पायरी लागली तशी ती दचकून उभी राहिली.

ते होते. तिथेच.

"वा बौदी! एका रेषेत! आता परत!"

जीव भांड्यात पडायला हवा होता. ती त्याची वाट पाहत राहिली, आरतीच्या वेळी डोळे भरून येण्याची पाहावी तशी. पण ते दिसले त्या पहिल्या क्षणी छातीत जे खाली बसलं, त्याचं नाव तिला ठाऊक होतं, पण ते मनातसुद्धा उच्चारवेना.

ती बांबूकडे वळली. मान खाली घालायची भीती अजून होतीच. आता ती भीती त्यांच्यासाठी नव्हती, स्वतःचीच होती.