रेडिएटरमधली हळद

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ भैय्यालाल, माझ्याशी थेट बोलत नाहीत. सुनेनं भासऱ्यापुढे पदर घ्यायचा आणि गप्प राहायचं, ही आमच्या घरची रीत. मी समोर उभी असले तरी मला जे सुनावायचं ते ते माझ्या नवऱ्याला, योगराजला सांगतात.

"योग्या, सांग तिले. पानी न टाकता गाडी हाकलली, इंजन जाळलं. परवा गिऱ्हाईक येऊन राहिला. जीप देऊन टाकू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या बिरसी गावच्या बायका भाजीच्या टोपल्या घेऊन माझ्याच जीपमधून गोंदियाच्या बाजाराला जातात. रोज सकाळी पाणी बघितल्याशिवाय मी चावी फिरवत नाही. जीप गेली म्हणजे मी पुन्हा चुलीपुढे, आणि वर गाडी जाळल्याचा ठपका.

"मीच इंजन खोलीन," मी योगराजला म्हटलं.

"तुले जमन?"

"तू फक्त उचलू लाग."

सकाळी रेडिएटरचं झाकण काढून जीप चालू केली. भाताचं आधण उकळावं तसे बुडबुडे वर आले. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइलचा दुधाळ चहा झालेला. म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं गॅसकेट गेलं होतं. गोंदियाच्या मिस्त्रीच्या डोक्यावर बसून मी हे काम दोनदा पाहिलंय, तो वैतागेपर्यंत विचारलंय.

पाणी सोडायला खालचा पाइप काढला, तर पिवळा चिखल बाहेर आला. योगराजनं वास घेतला.

"हळद होय हे!"

रेडिएटर गळायला लागला की चिमूटभर हळद टाकतात, भोक बुजतं. इथं लग्नाला पुरेल एवढी होती. नळ्या चोंदल्या होत्या. वरून पाणी भरलेलं दिसायचं, आत फिरत मात्र नव्हतं. आणि गेल्या आठवड्यात जीप सौंदडला लग्नाला कोण घेऊन गेलं होतं? आम्ही दोघांनी ओसरीकडे पाहिलं. भासऱ्यांच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा चघळायचा तसाच राहिला.

ओरडावंसं फार वाटलं. पण ओरडून गॅसकेट बसत नाही. डोक्यावर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. पोरी तिकडे विमान शिकतात आणि मी जीप चालवली तर यांच्या पोटात दुखतं!

हेड उतरवलं. मधल्या दोन सिलिंडरांच्या बरोबर मध्ये गॅसकेट काळं पडून फुटलं होतं. हेडवर लोखंडी मोजपट्टी उभी धरून पाहिली, तिच्याखालून कुठूनच उजेड आला नाही; हेड सरळ होतं. योगराजनं गोंदियाहून नवं गॅसकेट आणि बोल्ट नेमक्या जोरानं आवळायचा मिस्त्रीचा टॉर्कचा पाना आणला. तोवर मी हेड खरवडलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत रेडिएटर धुतला. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळत गेले. योगराज एकच बोल्ट पूर्ण आवळायला निघाला, तर त्याच्या हातावर चापट मारली.

नवं ऑइल टाकून चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि धरलं. किती तरी वेळ चालू ठेवलं, एक बुडबुडा आला नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

भासरे अंगणात उतरले. "योग्या, सांग तिले..."

तेलकट हातानंच मी पदर सावरला. "जे सांगाचं ते मलेच सांगा."

त्यांनी खर्रा थुंकला. मग म्हणाले, "अल्का, हळद मीच टाकली होती. गिऱ्हाइकाले येऊ नोको म्हनतो."

लग्न होऊन आल्यापासून माझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"उद्या मले गोंदियाले सोडशीन का?"

"सोडीन. पन मांगं बसा. समोर बायका बसतेत."