जपून ठेवलेली दुर्बीण

मित्रांनो, मी दोन डोळ्यांची एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या उजव्या डोळ्यात केसाएवढी बारीक रेघ आहे. ती कुणी ओरखडलेली नाही, बुरशीने कोरलेली आहे. ती कशी आली ते मला सांगायचे आहे, पण आज माझे चित्त थाऱ्यावर नाही.

आज शनिवार. संध्याकाळचे साडेपाच वाजले आहेत. जुळे सोलापुरातल्या एका बैठ्या घरात, दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर मला ठेवले आहे. उद्या सकाळी माझी मालकीण शिवलीला मला घेऊन उजनीच्या काठी पक्षी पाहायला जाणार आहे. निदान ती तसे म्हणते. गेल्या दीड महिन्यात मी दोनदा या जागेवर येऊन बसले आणि दोन्ही वेळा परत आत गेले. कारण दोन्ही रविवारी नळाला पाणी आले. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, कधी चौथ्या दिवशी येते, कधी पाचव्या. आणि उद्याही पाण्याचाच दिवस आहे.

वेळ जात नाही. तोवर माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका डोंगरी गावातल्या कारखान्यात झाला. काचेचे जाड तुकडे बारीक भुकटीने दिवसचे दिवस घासून माझी भिंगे केली. भिंगातून दिसणारे चित्र उलटे असते, आकाश खाली आणि जमीन वर. ते सुलटे करण्यासाठी माझ्या पोटात चार लोलक बसवले. भिंगांवर निळसर लेप चढवला. माझ्यातून पाहिले की लांबची वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते.

शिवलीला तेव्हा चोवीस वर्षांची होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. पहिल्या पगारात घरच्यांनी तिला साडी घे म्हणून सुचवले. तिने मला घेतले. सोमवार ते शनिवार ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अगदी जवळचे, अगदी लहान पाहत असे. रविवारी माझ्यातून लांबचे पाहत असे. एक दिवस लांबचे पाहिले नाही तर जवळचेही नीट दिसत नाही, असे ती म्हणायची.

ती आणि तिची मैत्रीण चंद्रिका स्कूटरवरून स्टँडवर जात, तिथून एस.टी.ने उजनीकाठच्या गावी. महिपती नावाचा नावाडी त्यांना धरणाच्या फुगवट्यात नेई. समोर केळीच्या बागा, काठावर पाणी उपसणाऱ्या मोटारींची घरघर, आणि उथळ पाण्यात उंच पायांचे गुलाबी रोहित पक्षी. शिवलीला मोजत असे आणि चंद्रिका लाल वहीत आकडे लिहीत असे. एकदा महिपतीने मला डोळ्यांना लावले आणि दचकून नावेत मागे सरकला.

"ताई, अंगावरच आलं की पाखरू! लई भारी हाय तुमचा ह्यो चष्मा."

माझे एवढे कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

मग शिवलीलाचे लग्न झाले, मुलगी झाली, मुलीची शाळा सुरू झाली. प्रयोगशाळेतले काम दुप्पट झाले. "थोडी सवड मिळू दे, मग जाऊ," असे म्हणत तिने मला मऊ कापडात गुंडाळले, डब्यात ठेवले, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात सरकवले. मला धूळ लागू नये म्हणून तिने हे सारे मायेने केले होते.

चूक तिथेच झाली. ते कपाट न्हाणीघराच्या भिंतीला लागून होते. ओल झिरपत आत आली आणि पिशवीच्या गाठीमुळे बाहेर गेली नाही. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. अंधार, ओल आणि कुणाचाही हात न लागणारी जागा. उजव्या भिंगाच्या कडेला एक पांढरा धागा उगवला. त्याला फाटे फुटले. बुरशीतून आम्ल पाझरते आणि ते भिंगाचा लेप खाते. मला ते कळत होते, पण मला ओरडता येत नव्हते. खाली पिंपे घासल्याचा, बादल्या आपटल्याचा आवाज येई. आज पाणी आले वाटते, मी मनात म्हणे. म्हणजे आजही नाही. अशी नऊ वर्षे गेली.

यंदा थंडी सरता सरता चंद्रिकाचा फोन आला. तिचा आवाज एवढा मोठा की पिशवीतही मला ऐकू आला.

"शिवे, रोहित लई आलेत गं यंदा! दुर्बीण आहे ना अजून?"

"आहे की. जपून ठेवलीय."

"तू सगळंच जपून ठेवतेस. रविवारसुद्धा."

शिवलीलाने फोन ठेवला आणि मला खाली काढले. गाठ सोडली, खिडकीकडे धरून भिंगात पाहिले. ती रोज सूक्ष्मदर्शकातून पाहणारी बाई. तिला ओळखायला एक क्षणही लागला नाही. तिने लगेच पायांत चपला सरकवल्या.

नव्या पेठेतल्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने मला उघडून पुसले. "बाई, वस्तू वापरून नाही एवढी खराब होत," तो म्हणाला. "अजून वर्षभर ठेवली असती तर काच फेकावी लागली असती. आता एक रेघ राहील. उजेडात ठेवत जा."

त्यानंतरचे दोन रविवार ठरले आणि मोडले, ते मी सांगितलेच. धरणाचे पाणी ओसरू लागले आहे. चंद्रिका म्हणते की पक्षी फार तर आठवडाभर थांबतील. उद्याचा रविवार हुकला की यंदा काही नाही.

थांबा. ओसरीवर बोलणे सुरू झाले आहे. शिवलीलाच्या सासूबाई काशम्मा शेंगा फोडत बसल्या आहेत. शिवलीला त्यांना कानडी रीतीप्रमाणे अत्ती म्हणते.

"उद्या पाणी हाय न्हवं? मग तू कुटं निगालीस? पिंपं वतायची कुणी, भरायची कुणी?"

"ओतायची नाहीतच, अत्ती. गेल्या तीन खेपा मी पिंपांवर खूण करतेय. दर वेळी निम्मं पाणी उरतं. ते आपण ओतून देतो आणि परत भरतो. त्यात माझी सकाळ जाते."

"उरल्यालं शिळं असतंय की. शिळं पाणी लेकराला पाजतीस व्हय?"

"नळाला येतं ते पाणी कुठलं, अत्ती?"

"उजनीचं. कुटलं असणार?"

"धरणात ते वर्षभर साठलेलं असतं. गाळून, औषध घालून तेच आपल्याकडे येतं. वर्षभराचं शिळं नाही, आणि झाकण लावलेलं आपलं चार दिवसांचं शिळं?"

 शिवलीलाचा नवरा सोमलिंग आईकडे पाहून हसला. "अव्वा, बोल की आता."

"तू हास. कुटलं पिंप आदी भरत्यात, ठावं हाय का तुला?"

 सोमलिंगला खरेच ठाऊक नव्हते. लग्नापासून शिवलीलाने त्याला कधी पाइपला हात लावू दिला नव्हता. त्याने भरले की ओटा भिजतो, असे तिचे मत होते.

"आणि जाऊ का म्हणून इचारायची रीत असती," काशम्मा म्हणाल्या.

"मी विचारत नाहीये, अत्ती. सांगतेय."

 काशम्मांनी पुढची शेंग फोडली.

"म्हंजे तुजी ती पाखरं पाय बुडवत्यात, तेच पाणी आमी पितो?"

"तेच."

"शिव शिव! मग जाऊनच ये बाई. पाय तरी धुत्यात का बग त्यांनी."

आता शिवलीला आत आली आहे. प्रयोगशाळेत नळ्यांवर लावतात तशा चिठ्ठ्या ती पिंपांवर चिकटवते आहे. एक, पिण्याचे. दोन, स्वयंपाकाचे. तीन, चार, वरकामाचे. मी मात्र अजून विश्वास ठेवत नाही.

मित्रांनो, शनिवारी मी इथवर सांगितले होते. उरलेले आज रविवारी दुपारी सांगते.

सकाळी सहाला नळ आधी फुसफुसला, मग धारेचा आवाज आला. शिवलीला बूट घालून, मला गळ्यात अडकवून दारात उभी होती. पाण्याचा आवाज ऐकताच ती वळली. तिने मला गळ्यातून काढले आणि कपाटावर ठेवले. संपले, मला वाटले. बाहेर चंद्रिकाच्या गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. आतून सोमलिंगची हाक आली.

"अगं, कुठलं आधी? पाणी वाया चाललंय!"

शिवलीलाने एक पाऊल आत टाकले. ओट्यावरून पाण्याचा ओघळ उंबऱ्यापर्यंत आला होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"चिठ्ठी लावलीय. वाच," ती म्हणाली. आणि मला उचलून बाहेर पडली.

काठावर पोचल्यावर तिने मला डोळ्यांना लावले तेव्हा तिचे हात थरथरत होते. हाताची थरथरही मी आठपट करून दाखवते. त्यामुळे पलीकडचे रोहित पक्षी नाचत असल्यासारखे दिसू लागले. तिने दोनदा फोन काढून पाहिला. घरून काही नव्हते. बऱ्याच वेळाने हात स्थिर झाले, आणि पक्षीही जागच्या जागी उभे राहिले.

"रेघ दिसते का गं?" चंद्रिकाने विचारले.

"नाही," शिवलीला म्हणाली. "भिंगावरचा एवढासा डाग लांबचं पाहताना दिसत नाही. लिही, एकशे बेचाळीस."

घरी परतल्यावर काशम्मांनी सांगितले की ओटा भिजला होता, तीन नंबरचे पिंप आधी भरले गेले होते, आणि बाकी काही बिघडले नव्हते. "पाय धुतल्याले व्हते का?" त्यांनी विचारले.

आता माझा डबा खिडकीत उघडा असतो. मला बोलता येत नाही म्हणून माझी बुरशी नऊ वर्षे कुणाला दिसली नाही. तुमच्या घरातही कुणीतरी आपली आवडती सकाळ अशीच गाठ मारून वरच्या खणात ठेवली असेल. मित्रांनो, ती खाली काढायला त्यांना सांगा. आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी एक पिंप तुम्ही भरा. ओटा भिजला तर भिजू द्या.