लटकून राहा

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कंपनीने नवा नियम काढला: अडकलेल्या माणसाशी फोनवर इंग्रजीत बोलायचं. शुक्रवारी परीक्षा. नापास होईल त्याला नारळ.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजीत मी दोनदा नापास झालेय, म्हणजे घरात सगळ्यात जास्त अनुभव माझाच. पुस्तक होतं ‘रोजच्या वापरातले वाक्प्रचार’, पानं साठ. लिफ्ट म्हणजे आमची बाथरूम. आई आत जायची, बाबा बाहेरून कडी लावायचे आणि दारावर टकटक करायचे.

“हॅलो! मे आय हेल्प यू?”

“आधी गॅस बंद करा,” आतून आई. “दूध ठेवलंय.”

“अगं, इंग्रजीत!”

“मिल्क!”

सगळं बरं चाललं होतं. मग बाविसाव्या पानावर ‘हँग इन देअर’ आलं. अर्थ दिला होता: धीर धरा.

“हँग म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“लटकणे.”

बाबांनी चष्मा काढला. “अगं, माणूस आधीच दोरावर लटकलाय. त्याला मी लटकून राहा म्हणू? अठ्ठावीस वर्षांत असलं अभद्र कधी बोललो नाही.”

“बाबा, तसं म्हणतात.”

“म्हणत असतील. त्यांनी दोर बघितला नसेल.”

तिथे दोन दिवस गेले. गुरुवारपर्यंत आम्ही कसेबसे चाळिसाव्या पानावर पोचलो.

शुक्रवारी बाबा दुपारी तीनलाच घरी आले. चेहरा फुललेला. हात मोकळे.

“पास!”

“पास म्हणाले?”

“म्हणायला कशाला हवं? साहेब स्वतः अडकल्याचं नाटक करत होते. मी सांगितलं, सर, डू नॉट हँग! सिट डाऊन! ते उठले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, वी हॅव टू लेट यू गो. मी म्हणालो, थँक यू सर, सेम टू यू.”

“मग?”

“मग काय, सोडलं लवकर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोळे भरून आले गं त्यांचे.”

“हत्यारांची पिशवी कुठाय?”

“ठेवून घेतली. किल्ल्यापण. नवीन देणार असतील.”

पुस्तक माझ्या हातात होतं. मी पुढचं पान उघडलं. पान एक्केचाळीस, पहिलीच ओळ: ‘लेट गो: नोकरीवरून काढणे. सभ्य प्रयोग.’

एका पानाने हुकलं होतं.

“हिला सांगू दे आधी,” बाबा म्हणाले. आई रोजच्या सवयीने अजून सरावाला तयारच होती. बाबांची चाहूल लागताच ती बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली होती. बाबांनी कडी लावली, टकटक केली, कडी काढली आणि साहेबांच्या थाटात म्हणाले, “वी हॅव टू लेट यू गो!”

“थँक यू,” आई बाहेर येत म्हणाली. “म्हणजे काय हो?”

“म्हणजे सुटलीस!”

दोघं हसत सुटली. आईने चहा टाकला, साखर नेहमीपेक्षा जास्त.

मी पुस्तक घेऊन बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

“हॅलो! मे आय हेल्प यू?”

मी ‘लेट गो’ची ओळ पुन्हा वाचली. मराठीतला अर्थसुद्धा.

“डू नॉट हँग!” बाबा उत्साहात ओरडले. “सिट डाऊन!”

मी खाली बसले.