चांगल्या वागणुकीचा माणूस

हरिचंद राठोड सजा पुरी व्हायच्या आधीच सुटून आला, तेव्हा सगळ्या तांड्याला बरं वाटलं. ब्याण्णव साली औंढ्याजवळच्या त्या तांड्यात ओढ्याच्या पाण्यावरून मारामारी झाली होती. हरिचंद आणि त्याचा चुलतभाऊ सुदाम, दोघांच्या काठ्यांखाली शेजारच्या गावचा एक माणूस मेला. दोघांना सारखीच सजा लागली, सात वर्षं. पण हरिचंदनं जेलात मुकाट हातमाग चालवला, कुणाशी भांडला नाही, साहेब म्हणेल ते केलं. चांगल्या वागणुकीबद्दल त्याच्या सजेतून थोडे थोडे दिवस कमी होत गेले. त्याला जेलात माफी म्हणतात. सुदामनं एका शिपायाची कॉलर धरली, त्याची असली नसली ती माफी गेली.

हरिचंदच्या बायकोला, शकुंतलाबाईला, सुरुवातीला नवल वाटलं. कालवण खारट झालं तर ताट भिरकावणारा तिचा नवरा आता भिंतीशी उकिडवा बसून ताटाची वाट बघायचा.

"वाढू का?"

"जी."

ओढ्यावर जायचं तरी तिला विचारून जायचा. शेजारणी म्हणायच्या, "शकुंतला, नशीब काढलंस. जेलानं माणूस सुधरवला."

तीही आधी हसायची. मग एका उन्हाळ्यात शेजारच्या शेतवाल्या जळबानं बांध कोरून यांच्याकडं सरकवायला घेतला. तिनं हरिचंदला भांडायला पाठवलं. तो दिवस मावळता परत आला, हाताला सगळी माती.

"काय म्हणला जळबा?"

"म्हणला, दगडं अलीकडं लाव. लावून दिली."

"तुमी लावली? आपल्याच वावरात?" ती ओरडली. "काहून?"

मान खाली घालून तो उभा राहिला.

"राग न्हाई येत तुमाला?"

"यायचा. राग आला की माफी जाते."

"आता कुठली माफी? घरी हाव तुमी!"

ती त्या दिवशी जेवली नाही. त्यानंही जेवण मागितलं नाही.

खुनाची सजा भोगून आलेल्याला गावात कुणी कामावर ठेवत नव्हतं. शेषराव नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्यानं ठेवलं. वारंगा फाट्याला ढाब्यामागं त्याचा गोठा होता, तिथून ट्रक भरून गुरं जायची. कुठली गुरं, कुणाची, हे विचारणारा माणूस त्याला नको होता. शकुंतलाबाईच्या कानावर काहीबाही आलं होतं. तरी तिनं नवऱ्याला भाकरी बांधून दिली. दुसरं करणार काय?

हिंगोली जिल्हा झाला त्या साली सुदाम सजा पुरी भोगून आला. त्याला पाहून लोक रस्ता बदलायचे. शेषरावनं त्यालाही कामाला बोलावलं, तेव्हा सुदामनं फाट्यावर चारचौघांत त्याला आईवरून शिवी दिली आणि एका ओळखीच्या माणसाची जीप चालवायला घेतली. परत कुठल्या लफड्यात पडला नाही.

एका दुपारी सवारीची वाट बघत तो ढाब्याशी उभा होता. मागं ट्रक भरत होते. हरिचंद एका पांढऱ्या बैलाला फळीवरून वर चढवत होता. बैलाचा डावा कान फाटलेला. सुदाम पुढं झाला.

"दादा, हा पेमाचा बैल हाय. आपल्या तांड्यातला."

"व्हय."

"वळखलास तू?"

"म्या पेरलंय त्याच्यावर."

"मंग दोर सोड. चल माझ्यासंगं."

हरिचंदचा हात दोरावर थांबला. त्यानं बाजेवर बसलेल्या शेषरावकडं पाहिलं. शेषराव दात कोरत म्हणाला, "हरिचंद, आवर."

हरिचंदनं बैल वर घेतला आणि दोराला आणखी एक गाठ मारली.

सुदाम जीप घेऊन थेट तांड्यावर गेला, पेमाला घेतलं आणि पोलिसांत गेला. ट्रक पुढच्या नाक्यावर सापडला. आत ड्रायव्हर आणि हरिचंद. शेषरावनं सांगितलं की हा जुना गुन्हेगार, दया येऊन ठेवला होता, यानं मला फसवलं. ठाण्यातल्या जमादारानं हरिचंदला तेच बोलायला सांगितलं, तो तेच बोलला. वर तालुक्यातल्या आणखी चोऱ्या त्याच्यासमोर वाचल्या. त्यानं त्याही कबूल केल्या.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "चांगल्या वागणुकीची माफी देऊन याला लवकर सोडलं, त्याचं हे फळ." पेमा मागच्या बाकावर बसला होता. बैल मिळाला होता, तरी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शकुंतलाबाईला त्या पाण्याचा राग आला. हरिचंदला दोन वर्षं लागली.

ती सुदामसोबत जेलात भेटायला गेली. जाळीपलीकडं हरिचंद अंगानं भरलेला दिसला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा होता.

"पुन्ना हातमागावर घेतलं," तो म्हणाला. "साहेब खूश हायेत. औंदा बी माफी लागंल, शकुंतला."

"नका घेऊ." तिनं जाळीत बोटं रोवली. "पाया पडते तुमच्या. एकाच्या तरी अंगावर जा. शिव्या द्या. सारी सजा भोगा, पर माणूस होऊन या."

तो घाबरून पहाऱ्यावरच्या शिपायाकडं बघू लागला, हिचं बोलणं त्याच्या कानावर गेलं की काय म्हणून.

बाहेर आल्यावर सुदाम म्हणाला, "वहिनी, म्या सांगितलं नसतं तर..."

"तुज्या जागी मी असते तर मी बी सांगितलं असतं," ती म्हणाली, आणि यष्टी येईपर्यंत दोघं एका बाकावर एकमेकांकडं पाठ करून बसली.

माफी लागली. पुढच्या वर्षी सुटकेचा दिवस कळला तशी तिनं सुदामला जीप घेऊन पाठवलं. घर सारवलं, कोंबडी कापली. वाटेत टायर बसलं आणि सुदामला उशीर झाला. जेलच्या दारात पोचला तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं.

"राठोड?" दारावरचा शिपाई म्हणाला. "गेला की. शेषरावशेठची गाडी आली होती सकाळीच. बस म्हणाले, बसला."