दत्तक दिलेली पट्टी

डावा हात अंगाला घट्ट चिकटवून ती उजव्या हाताने फळा पुसत होती.

"हाताला काय झालं गं?" लंबूने विचारलं.

"काही नाही. अवघडलाय."

लंबू म्हणजे प्रयोगशाळेतला इंजिनीयर. दारातून वाकून आत येणारा, आणि कुणाचं काही अडलं की हातातलं काम टाकून धावणारा. तिला सगळे पट्टीवाली म्हणत. पाण्यात जंतू आहेत का हे सांगणारी कागदाची पट्टी, चार वर्षं तेवढंच तिचं काम. पट्टी पाण्यात बुडवून बराच वेळ उबेत ठेवली की जंतू असतील तर निळी पडते. पण ऊब आणायची कुठून? उबेचं यंत्र महाग, आणि जिथे वीजच नाही तिथे ते नुसतं शोभेला. इथेच घोडं पेंड खात होतं.

महिनाअखेरीस तिची नेमणूक संपत होती. आजच्या बैठकीत नवी कल्पना मान्य झाली तर आणखी दोन वर्षं, नाहीतर टेबल रिकामं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, हे स्पष्टच सांगितलं होतं.

बैठकीची रीतही सरांचीच. ज्याची कल्पना त्याने पाच मिनिटं बोलायचं, मग ती दुसऱ्याला दत्तक द्यायची आणि तोंड मिटून बसायचं. टीकेला उत्तर दत्तक घेणाऱ्याने द्यायचं. आईबाप जवळ नसताना टिकतं तेच पोर खरं, असं सर म्हणत. पोर दुसऱ्याचं असलं की हे ऐकायला फार छान वाटे.

तिने फळ्यावर एक माणूस काढला. हात, पाय, वाटोळं डोकं. काखेत एक छोटा चौकोन.

"ऊब माणसाच्या अंगातच असते," ती म्हणाली. "पट्टी पाकिटात बंद करायची आणि रात्रभर काखेत धरायची. यंत्र नको, वीज नको. माझी आई नर्स होती. थंडीच्या दिवसांत इंजेक्शनची बाटली आधी काखेत धरून बसायची, मगच टोचायची."

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. काल संध्याकाळपासून तसं एक पाकीट तिच्या डाव्या काखेत होतं. रात्री ती एकाच कुशीवर पडून राहिली होती. शेवटी सर "आता बोल" म्हणतात, तेव्हा पाकीट काढून सगळ्यांसमोर ठेवायचं. रंग आला असेल की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. काख घामाने चिकचिकत होती.

कल्पना दत्तक घ्यायला लंबूच उठला. तिला बरं वाटलं.

"काखेत?" केमिस्टबाई म्हणाल्या. "अहो, लोक झोपेत कूस बदलतात. माझा नवरा तर गादीसकट बदलतो."

सगळे खो खो हसले. सरही हसले. तिचे कान तापले.

लंबूने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून तो कळवळला असावा, कारण तो घाईघाईने म्हणाला, "थांबा हो, काख हे आपलं उदाहरण. तिला म्हणायचंय, अंगाइतकी ऊब हवी. पाकिटात बॅटरीवर तापणारी बारीक तार बसवली की काम फत्ते. ती मी करून देतो."

ती अर्धवट उठली. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. ती खाली बसली.

मग काय, बैठकीत जीव आला. बॅटरी केवढी, किती वेळ टिकेल, संपली तर काय, ज्याला त्याला बोलायचं होतं. फळ्यावर जागा पुरेना, म्हणून लंबूने तो माणूस पुसला आणि तिथे बॅटरी काढली. आधी पाय गेले, मग हात, शेवटी डोकं. ती बघत बसली. दुसरं काय करणार?

"आता बोल," सर म्हणाले.

"सर, ती काखेतली..."

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस. हसण्यावारी गेलं ते. तारेचं चांगलं जमतंय. तुझी दोन वर्षं पक्की."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत मोठ्याने लंबूच्या. स्वतःच पास झाल्यासारखा तो खुलला होता. तिचा उजवा हात काखेपर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

"थँक्यू, सर," ती म्हणाली.

बैठक संपल्यावर ती आपल्या टेबलापाशी गेली, भिंतीकडे तोंड करून तिने पाकीट काढलं. पट्टी निळी झाली होती. गर्द, काठोकाठ निळी. त्याच पाण्यात बुडवलेली दुसरी पट्टी रात्रभर टेबलावर पडून होती, ती पांढरीफटक.

"खूश ना?" लंबू मागून आला. "मी तर घाबरलो होतो, म्हटलं, गेली ही आता."

तिने पाकीट मुठीत मिटलं. "हो. खूश."

"हातही मोकळा झाला वाटतं."

"झाला."

"उद्यापासून तारेला लागतो बघ." त्याने पेन काढून तळहात पुढे धरला. "फक्त एक सांग, अंगाइतकी ऊब म्हणजे नक्की किती धरू?"

मुठीतलं पाकीट अजून कोमट होतं.

"सदतीस," ती म्हणाली, आणि त्याने ते लिहून घेतलं.