सासूबाईंची टाकी

आमच्या मळ्याचे दोन तुकडे आहेत. खालचा जड मातीचा, ओल धरणारा. वरचा चुनखडीचा, जरा खणलं की पांढरे दगड वर येतात, आणि पाणी काही तिथे थांबत नाही. दोन्हीकडे द्राक्ष एकच, मस्कट. पण वाईन अगदी वेगळी होते. माझी बायको खालच्या वाईनला जाऊबाई म्हणायची आणि वरच्या वाईनला सासूबाई.

"जाऊबाई दारातूनच गोड बोलतात, पण जरा वेळाने त्यांच्याकडे बोलायला काही उरत नाही," ती म्हणायची. "सासूबाईंना आधी बसू द्यावं लागतं."

ती गेल्यानंतरचा हा पहिला हंगाम. चव बघायचं काम तिचं होतं. माझं नाक यथातथाच, म्हणून ते मुलीकडे आलं. तळघरात तिने दोन्ही टाक्यांतून थोडी थोडी घेतली आणि वरचीचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"बाबा, ही नुसतीच आंबट आहे. वास तर नाहीच. खालचीत मिसळून टाकू. उद्या पंप लावते."

"आई मिसळायची नाही."

"आई नाहीये ना आता."

बोलून गेली आणि पाईप गुंडाळायला लागली. तो गुंडाळलेलाच होता.

वरच्या तुकड्यातला वेल न् वेल तिच्या आईने लावला होता. एकदा मिसळली की ती वाईन परत वेगळी निघणार नव्हती.

संध्याकाळी मी दोन्ही टाक्यांतली एकेक पेला वाईन वर स्वयंपाकघरात आणली, पेल्यांवर बशा झाकल्या आणि बायको ठेवायची तशी खिडकीत ठेवली.

"हे काय आता?" मुलीने विचारलं.

"सासूबाईंना बसू दे. सकाळी बोल त्यांच्याशी."

"काहीतरीच तुझं, बाबा." पण हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

सकाळी तिने आधी खालचीचा वास घेतला. "ही कालच बरी होती." मग दुसरी बशी उचलली. मी टेबलाच्या पलीकडे होतो, तरी माझ्यापर्यंत वास आला. संत्र्याची फुलं, आणि त्याखाली ओल्या दगडी पाटीसारखं काहीतरी.

तिने घोट घेतला, मग आणखी एक.

"आंबट आहेच की अजून."

"चुनखडीचा आंबटपणा तो. तोच वासाला धरून ठेवतो, असं म्हणायची ती."

मुलीने पेल्यावर बशी परत झाकली आणि खाली गेली. पंपाचा आवाज येईना, तेव्हा मी पाठोपाठ गेलो. वरच्या वाईनच्या टाकीवर बायकोने खडूने 'सासूबाई' लिहिलेलं होतं, निम्मं पुसलेलं. मुलगी तीच अक्षरं सावकाश गिरवत होती.

"बघत काय उभा राहिलास?" मागे न बघता ती म्हणाली. "बशा धुवून ठेव जा. पुढच्या वर्षी लागतील."

मी बशा धुवायला वर गेलो.